नानाचा अंगठा, खालून आणि वरून

कल्याणहून माळशेजकडे जो एकदा तरी गेलाय त्याने नानाचा अंगठा पाहिलेला असतोच, नाव माहीत असो वा नसो. टोकावडे मागे पडलं की सह्याद्रीची भिंत अंगावर येऊ लागते आणि तिच्या कडेला एकच कडा ताठ वर निघालेला दिसतो. एसटीतला माणूस शेजारच्याला 'तो बघ' म्हणेपर्यंत गाडी वळण घेते आणि अंगठा झाडांमागे जातो. आम्हा ठाणेकरांना तो आपल्याच दारातला वाटतो. पण गाडी घेऊन त्याच्या डोक्यावर जायचं तर माळशेज चढून, पुणे जिल्ह्यात शिरून, जुन्नरचा वळसा घालून यावं लागतं. खालून चालत मात्र एका सकाळचं काम. यंदा दसऱ्यानंतर आम्ही दोन्ही केलं: अर्धे चालत, अर्धे गाडीने.

मंडळी अशी: ताई, दाजी, त्यांची मुलगी म्हणजे माझी भाची (कॉलेजात भूशास्त्र शिकते, त्यामुळे रस्त्यात कुठेही दगड दिसला की गाडी थांबवायला लावते), आई आणि मी. गाडी दाजींची, म्हणून गाणीही दाजींची.

शुक्रवार: ठाणे ते टोकावडे

सातला निघायचं ठरलं होतं. माजिवड्याचा पूल ओलांडला तेव्हा पावणेनऊ झाले होते. दाजींच्या मते उशीर आईच्या डब्यांमुळे, आईच्या मते जावयांच्या दुसऱ्या चहामुळे. अर्थात हे तिने मला हळूच सांगितलं. त्यांना फक्त एवढंच म्हणाली, "सावकाश चालवा हो, घाई नाही कसली." साकेत, माणकोली, रांजणोली या टप्प्याबद्दल ठाण्याच्या माणसाला काही सांगायला नको. दुर्गाडीच्या पुलावर जरा मोकळं झालं. खाली खाडी संथ होती, ओहोटीचा चिखल उघडा पडलेला.

"इथेच का मामा ते बंदर?" भाचीने विचारलं.

इथेच कुठेतरी. सातवाहनांच्या काळात कल्याण मोठं बंदर होतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणचे दाते भेटतात, जुन्नरच्या लेण्यांतही कल्याणच्या एका सोनाराचं दान कोरलेलं आहे. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल देशावर जुन्नर, पैठणकडे जायचा आणि तिकडचा माल इकडे यायचा. ही ये-जा ज्या घाटांनी व्हायची त्यांतला बडा म्हणजे नाणेघाट. आज आपण ज्याला राष्ट्रीय महामार्ग 61 म्हणतो तो कल्याणपासून वैशाखऱ्यापर्यंत साधारण त्याच दिशेने जातो. फक्त डोंगर आल्यावर तो माळशेजकडे निघून जातो आणि जुनी वाट सरळ कड्याला भिडते.

शहाडचा पूल उतरलो, रायत्याला उल्हास ओलांडली, मुरबाडला वडापाव झाला. वडा गरम होता आणि लसणाची चटणी झणझणीत, याहून जास्त तपशील द्यायची गरज नाही. सरळगावच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं, काही खाचरांत कापणी सुरू झालेली. वरकस जमिनीवर गवत कमरेएवढं. पाऊस जाऊन हवा धुऊन निघाली होती, लांबचे डोंगर स्वच्छ दिसत होते. अंगठा बघायला हाच काळ चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये तो ढगात असतो आणि खाली गर्दी असते ती धबधब्यांची.

टोकावड्याला सामान टाकून आम्ही आधी पुढे मोरोशीला गेलो, कारण भाचीला भैरवगड बघायचा होता. माझ्या मते हा माळशेज रस्त्यावरचा सगळ्यात दुर्लक्षित देखावा. महामार्गावरूनच दिसतो, तरी लोक घाटातल्या भज्यांच्या ओढीने सरळ निघून जातात. डोंगराच्या पाठीवर मधोमध कातळाची एक उभी भिंत आहे. आजूबाजूचे सगळे डोंगर आडव्या थरांचे आणि ही एकटीच उभी. दुर्बिणीतून बघितलं तर तिच्यावर कोरलेल्या पायऱ्यांची तिरकी रेघ दिसते. बाजूला पाय ठेवायला काही नाही.

"ही डाइक आहे," भाची म्हणाली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसून तिने आजीला समजावायला घेतलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोटावर लोट पसरले, थंड झाले, त्यांचे आडवे थर झाले. सगळा सह्याद्री या थरांचा. नंतर जमिनीला उभ्या भेगा पडल्या, खालून तप्त रस त्या भेगांत शिरला आणि आतच गोठला. बाहेरचा दगड ऊन-पावसाने झिजून गेला, भेगेतला टणक निघाला, तो राहिला.

आईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे चटणीचं पाणी उडून गेलं आणि खोबरं राहिलं, तसं का?" भाचीने थोडा विचार करून होकार दिला. मला ते भूशास्त्राला धरून वाटत नाही, पण शिकलेल्या माणसाने हो म्हटल्यावर मी गप्प बसलो.

गाडी जराशी घाटाच्या दिशेने पुढे नेली तर तीच भिंत अरुंद होत होत कडेवर उभ्या ठेवलेल्या पाटीसारखी झाली. मोरोशीतून बघणारा म्हणेल केवढा रुंद गड, पुढून येणारा म्हणेल हा सुळकाच आहे. वर जायची वाट दोर आणि जाणता माणूस सोबत असल्याशिवाय करायची नाही. आम्ही खालूनच नमस्कार केला.

परतताना पाच वाजले होते आणि दिवसभरातली सगळ्यात चांगली गोष्ट तेव्हा घडली. नानाचा अंगठा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागे असतो, कडा काळपट नुसता आकार दिसतो. संध्याकाळी सगळं ऊन समोरून पडतं. वैशाखऱ्याच्या अलीकडे एका बांधावर उभं राहून आम्ही तो अर्धा-पाऊण तास बघितला. आधी करडा, मग विटकरी. थर एकेक करून सुटे दिसू लागले. कडक थराचा उभा पट्टा, मग गवताची हिरवी-पिवळी किनार, पुन्हा उभा पट्टा. गवताची किनार म्हणजे दोन लोटांमधला भुसभुशीत भाग, तिथे माती टिकते, असं भाचीने सांगितलं. ती पट्टे मोजत होती आणि दर वेळी आकडा वेगळा येत होता. अंगठ्याशेजारी कड्यात एक खाच दिसते. तोच नाणेघाट. इतकी बारीक खाच आणि तिच्यातून शतकानुशतकं एका देशाचा व्यापार चढला-उतरला, हे खालून बघून पटत नाही.

रात्री जेवायला तांदळाच्या भाकऱ्या, सुकटाची चटणी आणि आईसाठी पिठलं. घरमालकीणबाई स्वतः थापत होत्या. भाकरी तव्यावर टाकल्यावर ओल्या बोटांनी कडेने पाणी फिरवायची त्यांची लकब ताई बराच वेळ बघत राहिली. उद्याचा बेत तिथेच पक्का झाला. मी आणि भाची नाणेघाट चढणार, बाकीचे गाडीने माळशेज-जुन्नर-घाटघर करून वर भेटणार. खालून वर वाट चार-पाच किलोमीटरची, गाडीरस्ता शंभराच्या घरात. कोण आधी पोचतं यावर दाजींनी मासवडीच्या जेवणाची पैज लावली.

शनिवार: घाट

दाजींनी आम्हाला महामार्गावर नाणेघाटच्या फलकापाशी सोडलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं. सुरुवातीची वाट सपाट आहे, सागाच्या आणि ऐनाच्या झाडीतून जाते. दोन-तीन ओढे लागतात. पाणी अजून वाहत होतं, पण बूट न काढता दगडांवरून उड्या मारत जाता येईल एवढंच. मग वाट चढू लागते आणि चढतच राहते. मधे मधे जुनी फरसबंदी उघडी पडते. मोठे दगड, वरून गुळगुळीत झालेले. यावरून बैल, गाढवं, माणसं मालासकट गेली. आम्ही पाठीवर पाण्याच्या बाटल्या आणि ताईने दिलेले मेथीचे ठेपले घेऊन धापा टाकत होतो.

अंगठा या वाटेवर सतत डोक्यावर असतो आणि दर वळणाला बदलतो. झाडीतून पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो कालचाच अंगठा. तासाभराने त्याचा आकार मोडतो, नुसती प्रचंड भिंत उरते. आणखी वर गेल्यावर मान पूर्ण मागे टाकली तरी त्याचं टोक दिसत नाही. भाचीच्या लेखी मात्र हा सगळ्यात चांगला टप्पा. ती खडकाला नाक लावून छिद्रांमधले पांढरे दाणे शोधत होती. लाव्हात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं, त्यांत नंतर खनिजं भरली. तिने एक खडा खिशात टाकला. मी तो काढायला लावला, तिने दुसरा टाकला असणार.

वर पोचायच्या थोडं आधी लेणं लागतं. दाराशी माकडं बसलेली. ठेपले पिशवीत खोल गाडून आत गेलो. साधी चौकोनी मोठी खोली, भिंतीला लागून दगडी बाक. इथे बुद्धाची मूर्ती नाही, स्तूप नाही. इथे आहे तो राजघराण्याचा दरबार, म्हणजे होता. मागच्या भिंतीवर सातवाहन कुटुंबाच्या माणसाएवढ्या मूर्ती कोरल्या होत्या. आता त्या गेल्या, काही ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. वर ब्राह्मीत नावं मात्र आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरी सातकर्णी, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी. चेहरे नाहीत, नावं आहेत. फोटोतली माणसं कोण हे लिहून ठेवा असं आई आम्हाला नेहमी सांगते, तिला हे फार आवडलं असतं.

दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मोठा लेख आहे. तो सातकर्णीची राणी नागनिका हिचा मानतात. म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना. सुरुवातीला देवांना वंदन: 'नमो ईदस', इंद्राला नमस्कार, मग संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, यम, वरुण, कुबेर, वासव हे लोकपाल. पुढे केलेल्या यज्ञांची यादी, त्यांत अश्वमेध आहे, राजसूय आहे. आणि प्रत्येक यज्ञाच्या दक्षिणेचा हिशेब: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी. भिंतीवर ऊन तिरकं पडत नव्हतं म्हणून मोबाइलचा दिवा बाजूने धरला, तशी अक्षरं उठून आली. काही ठिकाणी दगड सोलवटून अख्खी ओळ गेली आहे.

मी अंक शोधत होतो. कर्नल साइक्सने 1828 मध्ये या लेण्याची नोंद केली आणि पुढे 1870च्या दशकात प्राचीन लेखांचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी याच लेखातल्या अंकांवर लिहिलं. भारतात अंक कोरलेले जे अगदी जुने लेख आहेत त्यांत हा येतो. दोन म्हणजे एकाखाली एक दोन आडव्या रेघा. चार बेरजेच्या चिन्हाच्या जवळपास. शून्य नाही, म्हणून दहाला, शंभराला, हजाराला वेगवेगळी खूण. दोनाच्या त्या रेघा सापडल्या तेव्हा आम्ही दोघंही ओरडलो आणि बाहेर माकडं बिथरली. यज्ञाचं पुण्य किती लागलं ते राणीलाच माहीत, पण खर्चाचा आकडा तिने भिंतीवर खोदून ठेवला आणि तोच आज सगळ्यांना हवा असतो.

लेण्याच्या आसपास पाण्याची टाकी आहेत. एका टाक्यावरच्या लेखात ही पोढी, म्हणजे हे टाकं, सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान असल्याचं लिहिलंय. नालासोपाऱ्याचा माणूस. आपल्याकडचा कुणी घाट चढून दमला असेल आणि त्याने पुढच्यांसाठी पाण्याची सोय केली असेल, असं मी मनाशी धरलंय. त्याला पुरावा नाही, पण दुपारी त्या चढावर तहान लागलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही.

लेण्याच्या वर शेवटची नाळ. दोन्ही बाजूंना कातळ, मधून पायऱ्यांची अरुंद वाट, आणि समोरून असा वारा की टोपी हातात धरावी लागते. नाळ संपते आणि एकदम सपाट मोकळं पठार. घाटमाथ्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकायचे असं सांगतात. आणि रांजणाशेजारी आई बसलेली, हातात मीठ लावलेली काकडी.

"किती उशीर रे? आम्ही केव्हाचे आलोय."

दाजी काही बोलले नाहीत, नुसते हसले. आम्ही लेण्यात तासभर घालवला हे त्यांनी हिशेबात धरलं नाही. ताईने माळशेजमध्ये भज्यांसाठी अर्धा तास थांबवलं, तो वेळ मात्र त्यांनी आवर्जून आमच्या कानावर घातला.

दुपारी ऊन उतरल्यावर अंगठ्याकडे गेलो. घाटमाथ्यावरून गवताळ चढ आहे, सोनकीची पिवळी फुलं अजून बरीच होती. आईलाही काठी टेकत चढता आला, इतका तो सोपा. चढ संपला, पुढे कडा. जरा मागेच बसलो, कारण वारा फसवा होता. खाली कोकण पसरलेलं. महामार्गाची रेघ, काल जिथे उभे होतो तो बांध कुठेतरी तिथेच. लांब गोरखगड आणि त्याच्या शेजारी मच्छिंद्रगडाचा सुळका. जवळ जीवधनचा किल्ला आणि त्याला लागून वानरलिंगीचा सुळका.

आईने सगळीकडे बघून घेतलं आणि विचारलं, "बाकी सगळं दाखवलंस. अंगठा कुठाय?"

"त्याच्यावरच बसली आहेस."

तिचा विश्वास बसेना. बसण्यासारखं काही नव्हतंच. वरून अंगठा म्हणजे एक गवताळ उतार आणि त्याचा अचानक झालेला शेवट. शेजारी एक कुटुंब गाडीतून उतरून आलं होतं, त्यांचा मुलगाही बापाला तेच विचारत होता आणि बाप जीवधनकडे बोट दाखवत होता. मी मधे पडलो नाही. माझं मत इथे पक्कं झालं की नानाचा अंगठा बघायला वर येणारे लोक कोकण बघून जातात. तेही सुंदर आहे, पण अंगठा बघायचा तर मुरबाड तालुक्यातच उभं राहावं लागतं. आपल्या वाट्याला डोंगराचं तोंड आलंय, जुन्नरकरांच्या वाट्याला पाठ. आम्ही ठाणेकर कधी नव्हे ते एका गोष्टीत फायद्यात आहोत.

मुक्काम घाटघरला. थंडी ऑक्टोबरच्या मानाने बरीच होती.

रविवार: वानरलिंगी आणि परत

सकाळी गावाबाहेरून वानरलिंगी बघितली. जीवधनच्या कड्यापासून सुटा झालेला, तीन-साडेतीनशे फूट सरळ उभा सुळका. गिर्यारोहक दोर लावून चढतात, जीवधनच्या कड्यावरून मधल्या दरीत दोर ताणून पलीकडेही जातात. आम्ही गेलो तेव्हा कुणी नव्हतं. भैरवगड भेगेत गोठलेल्या रसाचा, तर हा आडव्या थरांचाच, मुख्य डोंगरापासून तुटून राहिलेला, असा भाचीचा अंदाज. नीट बघितलं तर सुळक्यावरचे पट्टे आणि शेजारच्या कड्यावरचे पट्टे एकाच पातळीत जुळतात.

जीवधनवर आईमुळे गेलो नाही. निजामशाहीचा लहानगा वारस मुर्तझा इथे कैदेत होता आणि शहाजीराजांनी त्याला सोडवून पेमगिरीला गादीवर बसवलं, ही गोष्ट मी गाडीत सांगितली. ऐकायला फक्त ताई जागी होती.

पूर गावातलं कुकडेश्वराचं देऊळ वाटेतच आहे. कुकडी नदी तिथे उगम पावते. शिळांवरचं कोरीवकाम दाट, एकेका खांबापाशी थांबावं असं. तिथे गर्दी नव्हती आणि आईचे गुडघेही कुरकुरले नाहीत, त्यामुळे ठरल्यापेक्षा जास्त वेळ गेला. जुन्नरला पैजेची मासवडी माझ्या खिशातून झाली. आतलं तीळ-खोबऱ्याचं सारण आणि वरून तिखटजाळ रस्सा. दाजींनी दोन वेळा मागून घेतली, जिंकलेला माणूस घेतो तशी.

गणेशखिंडीतून माळशेज उतरलो. धबधबे संपत आले होते, कड्यांवर ओल्या रेघा तेवढ्या. पुढचं सगळं रविवार संध्याकाळचं: शहाडला रांग, दुर्गाडीला रांग, रांजणोलीला गाडीचं इंजिन बंद करून दाजींनी डुलकी काढली.

कुणाला जायचं असेल तर थोडं कामाचं. कल्याणहून माळशेजमार्गे जाणाऱ्या एसटीला नाणेघाटच्या फलकापाशी उतरवा म्हणून आधीच सांगून ठेवा. चढायला अडीच-तीन तास धरा, लेण्यासाठी वेगळा तास ठेवा आणि लहानसा दिवा न्या. पावसाळ्यात ओढ्यांना पाणी चढतं, तेव्हा एकट्यादुकट्याने जाऊ नये. जुन्नरहून घाटघरला एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या, चौकशी करूनच निघा. आणि फोटो काढायचे असतील तर अंगठ्याचे संध्याकाळी चारनंतर वैशाखऱ्याच्या बाजूने काढा. आमचे सकाळचे सगळे काळे आलेत.